मंगळवारची अकराची नोंद

निरीक्षक: वहिनी, मी गेलो. मंगळवारी, सकाळी अकराला. तुम्हाला सांगायचं राहिलं.

वहिनी: आज शुक्रवार आहे, भावोजी.

निरीक्षक: हो.

वहिनी: आणि तुम्ही माझ्या डब्यातले शेंगदाणे खाताय.

निरीक्षक: म्हणूनच म्हणतो, तसं काही झालंच नाही असं धरून चालू. मी तुमचा मिक्सर दुरुस्त करायला आलोय.

वहिनी: मिक्सर चांगला चालतोय.

निरीक्षक: तो मी बघतो. स्क्रू ड्रायव्हर आहे का?

वहिनी: मिक्सरला हात लावू नका. गेलो म्हणजे काय, ते आधी सांगा.

निरीक्षक: सोमवारी हवामान खात्याच्या मुख्य कार्यालयाला पत्र टाकलं. 'खाली सही करणाऱ्या निरीक्षकाने झाल्या बदनामीच्या लाजेने मंगळवारी सकाळी अकरा वाजता स्वतःचं आयुष्य संपवलेलं आहे, तरी नोंद घ्यावी.' कार्बन कॉपी ठेवलीय.

वहिनी: डबा खाली ठेवा.

निरीक्षक: ठेवला.

वहिनी: खरंच करणार होतात?

निरीक्षक: पत्र रजिस्टरने पाठवलं होतं, वहिनी.

वहिनी: मग?

निरीक्षक: पावणेअकराला आमच्या हिने अंगणातून हाक मारली. चादरींच्या घड्या घालायच्या होत्या, दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. एक झाली, दुसरी झाली. तिसरी इलॅस्टिकवाली. तिची घडी आजवर कुणाला जमलेली नाही. संपेपर्यंत सव्वाबारा.

वहिनी: आणि?

निरीक्षक: आणि पत्रात अकरा लिहिलेलं. सव्वाबाराला काही केलं असतं तर नोंद खोटी ठरली असती. आधीच माझ्या नावावर एकशे बावीस खोट्या नोंदी आहेत.

वहिनी: त्या इलॅस्टिकवाल्या चादरीला माझा नमस्कार सांगा.

निरीक्षक: आज कार्यालयाचं उत्तर आलं. 'आपली मंगळवार, सकाळी अकराची नोंद मिळाली. सोबत तापमान कळवलेले नाही. ताबडतोब कळवावे.'

वहिनी: एवढंच?

निरीक्षक: खाली शिक्का आहे. आमचे थोरले गेले तेव्हा संचालक स्वतः आले होते. गाडी करून. दोन मिनिटं उभे राहिले, टोपी काढून. माझ्या वाट्याला शिक्का.

वहिनी: तुम्ही माझ्या मेलेल्या नवऱ्यावर जळताय, भावोजी.

निरीक्षक: जळतोय. दोन वर्षं झाली. तुम्हीच सांगा, का जळू नये? केंद्राचा थर्मामीटर दुरुस्तीसाठी मुख्य कार्यालयात गेला. चार महिने तिथेच पडून होता. आणि चार महिने आम्ही इथून त्याचं तापमान त्याच कार्यालयाला पाठवत होतो. सकाळचं थोरले, संध्याकाळचं मी. एकशे बावीस त्यांच्या, एकशे बावीस माझ्या. सापडलो तेही एकाच दिवशी, एकाच टेबलासमोर. पेपरात फोटोसुद्धा एकच आला.

वहिनी: त्यात तुम्ही चांगले दिसत होतात.

निरीक्षक: मी निदान बाहेर जाऊन उभा राहायचो. अंगाला कसं लागतंय ते बघून आकडा टाकायचो. थोरले खुर्चीतून उठायचे नाहीत. माझं खोटं मेहनतीचं होतं.

वहिनी: ते खरंय. खुर्चीतून उठत नसत.

निरीक्षक: आणि पाटी कुणाच्या नावाची? 'सचोटीचा मानदंड.' सभागृहाला नाव थोरल्यांचं, आणि पाटी पुसायचं काम माझ्याकडे. सोमवारी आणि गुरुवारी. पितळी आहे. घासून पुसली की त्यांच्या नावाखाली माझंच तोंड दिसतं. होते तेव्हाही हेच. खिडकीजवळचं टेबल त्यांना. नवी छत्री आली, त्यांना. म्हटलं, मेल्यावर तरी बरोबरी होईल.

वहिनी: म्हणजे त्यांनी केलं त्यात मान आहे, असं तुम्हाला वाटतं.

निरीक्षक: सगळ्यांनाच वाटतं. त्यांनी लाज धुऊन काढली म्हणतात.

वहिनी: धुतली असेल. पाणी सगळं माझ्या घरात शिरलं. बरं, एक सांगा. त्यांच्या त्या सकाळच्या नोंदी, त्यांचं पुढे काय झालं?

निरीक्षक: माझ्या मी खोडल्या. लाल पेनाने, प्रत्येकीपुढे सही. आजूबाजूच्या तीन केंद्रांकडून आकडे मागवले, त्या त्या दिवशी खरं काय असेल ते काढलं. अकरा महिने बसलो होतो.

वहिनी: तुमच्या झाल्या. ह्यांच्या?

निरीक्षक: त्या खोडायला परवानगी नाही.

वहिनी: का?

निरीक्षक: सचोटीच्या मानदंडावर लाल पेन कसं चालवायचं? त्या एकशे बावीस आजही खऱ्याच धरतात. आदरापोटी. मध्यंतरी बाहेरून एक अभ्यासक आला होता. म्हणाला, तुमच्याकडच्या सकाळी फारच स्थिर आहेत.

वहिनी: तुम्ही काय म्हणालात?

निरीक्षक: चहा घेणार का, म्हणालो.

वहिनी: मग बघा. ते गेले आणि खोटं तसंच राहिलं, उलट आता त्याला हात लावायची चोरी. तुम्ही मागे राहिलात, लोकांची थट्टा सोसलीत, आणि अकरा महिने बसून ते निस्तरलंत. मान कशात आहे ते मला कळत नाही, पण काम कुणी केलं ते कळतं.

निरीक्षक: हे मी बोललो असतो तर जळतो म्हणाले असते.

वहिनी: जळताच आहात. तरी ते खरं आहे. ह्यांनी मागे ठेवलेली चिठ्ठी दरवर्षी समारंभात वाचतात, तुम्ही मागे उभे असता. मी पहिल्या रांगेत बसून ऐकते. 'मान' हा शब्द पाच वेळा येतो. मी एकदाही येत नाही. त्या सकाळी मला म्हणाले, शर्टाची कॉलर विरलीय, उलटून शिवून दे. मी म्हटलं, संध्याकाळी देते. बरं, म्हणाले. संध्याकाळी आपण नसणार हे त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. मला बाजूला बसवून एवढं जरी म्हणाले असते ना, की मला तोंड दाखवायची लाज वाटतेय, तर मी त्यांच्याबरोबर महिनाभर घरात बसले असते, दारं लावून. पण विचारलंच नाही. ती एक संध्याकाळ त्यांनी मला खोटी सांगितली, भावोजी. ती कोण खोडणार?

निरीक्षक: वहिनी.

वहिनी: काय?

निरीक्षक: काही नाही. डबा परत घेऊ का?

वहिनी: घ्या.

(दार न वाजवता बायको आत येते. हातात चुरगळलेला कागद.)

बायको: ताई, हे इथेच आहेत ना? अहो, हे तुमच्या पँटच्या खिशात सापडलं. धुवायला टाकायच्या आधी खिसे रिकामे करत जा म्हणून किती वेळा सांगितलं.

निरीक्षक: वाचलंस?

बायको: वाचलं. कार्बन नीट उठलेला नाही. मंगळवार, अकरा. अकराला तुम्ही माझ्यासमोर चादर धरून उभे होतात.

निरीक्षक: हो.

बायको: म्हणून ढिली धरली होतीत.

निरीक्षक: हो.

बायको: आणि मी ओरडत होते तुमच्यावर.

निरीक्षक: बरोबर ओरडलीस. ढिलीच होती.

बायको: मला आधी विचारायचं होतं.

निरीक्षक: तू नाही म्हणाली असतीस.

बायको: मग विचारायचं कशासाठी असतं?

वहिनी: बस गं जरा. पाणी घे.

बायको: नको. बसले तर रडेन, आणि कुकर लावलाय. ताई, तुम्हाला खरं सांगू? ह्यांना काय बोलायचं, मी तरी कुठली शहाणी. समारंभात तुम्हाला पहिल्या रांगेत गादीची खुर्ची देतात, तेव्हा माझ्या पोटात दुखतं. मला दुकानदार विचारतो, 'काय मॅडम, आज अंदाजे किती?' अख्खं दुकान हसतं. पिशवी घेऊन घरी येताना मी मनात म्हणते, ताईंचं बरं आहे. असं म्हणायचे मी, दोन वर्षं. जीभ झडली नाही माझी.

वहिनी: आणि मी इकडे भिंतीला कान लावून म्हणते, हिचं बरं आहे.

बायको: आमच्या भिंतीला?

वहिनी: आपलीच भिंत, एका विटेची. तुमचं एकही भांडण मी चुकवत नाही. मंगळवारचं तर खिडकीत उभी राहून ऐकलं. 'ओढू नका, नुसती धरा. नुसती धरा म्हटलं म्हणजे झोपू नका.' मी माझ्या चादरीचं दुसरं टोक खिडकीच्या कडीत अडकवते. कडी अगदी घट्ट धरते, कधी ढिली सोडत नाही. तिच्याशी भांडता येत नाही. मंगळवारी तुझ्यावर इतकी जळले, की तुझं गाळणं मुद्दाम परत दिलं नाही.

बायको: तरी म्हटलं गाळणं गेलं कुठे. चार दिवस फडक्याने गाळतेय.

निरीक्षक: म्हणजे इथे सगळेच जळतायत. मला वाटलं मी एकटाच.

वहिनी: त्यातही तुमचा पहिला नंबर नाही, भावोजी.

बायको: अहो, इकडे बघा. पुन्हा कराल?

निरीक्षक: काय?

बायको: तुम्हाला माहितीय काय.

निरीक्षक: नाही.

बायको: पुटपुटू नका. नोंद सांगतात तसं सांगा.

निरीक्षक: नाही करणार. आणि पुन्हा कधी तसं मनात आलं तर आधी तुला सांगेन. दिवस आणि वेळ घालून.

बायको: वेळ घालू नका. आलं की लगेच सांगा. मी बाहेर असले तर ताईंना सांगा.

निरीक्षक: सांगेन.

बायको: मी दुकानात असले तर दुकानात या.

निरीक्षक: दुकानात सगळे हसतात.

बायको: हसू द्या. तरी या.

वहिनी: कार्यालयाचं उत्तर राहिलंय. तो टेबलावरचा कागद घ्या, भावोजी. आत्ताच लिहून टाका, नाहीतर परत मिक्सर उघडाल.

निरीक्षक: लिहितो. 'मंगळवार, सकाळी अकराची नोंद खोटी आहे. सदर घटना घडलेली नाही. नोंद मी स्वतः खोडत आहे. त्या वेळी मी अंगणात चादर धरून उभा होतो. तापमान एकतीस पूर्णांक दोन, थर्मामीटर बघून.'

बायको: खरंच बघितलं होतंत?

निरीक्षक: थर्मामीटरच्या पेटीशेजारीच उभे होतो आपण. तू ओरडत होतीस, बघायला दुसरं काही नव्हतं.

बायको: सगळं कार्यालय हसेल हो. दुकानदार तर महिनाभर पुरवेल.

निरीक्षक: पाटी पुसताना मला दर वेळी ऐकू येतं. तुझंच काय ते वाईट वाटतं.

बायको: मी सांगेन त्याला. अंदाजे नाही, एकतीस पूर्णांक दोन. सही करा आणि चला, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्यात.

वहिनी: थांबा. दुसरा कागद घ्या. माझाही एक अर्ज आहे.

निरीक्षक: कसला?

वहिनी: सांगते तसा लिहा. प्रति, माननीय संचालक. विषय, माझा नवरा घरी सोडण्याबाबत.

निरीक्षक: 'कर्मचारी' लिहू. नवरा म्हटलं की फाईल दुसऱ्या टेबलावर जाते.

बायको: लिहा हो त्या सांगतायत ते.

वहिनी: कर्मचारी लिहा, चालेल. महोदय, सदर कर्मचारी गेली दोन वर्षे आपल्याकडे सन्मानात आहेत. तरी त्यांना सन्मानातून कार्यमुक्त करून, शक्यतो संध्याकाळी सहाच्या आत, वसाहतीतील घर क्रमांक सात येथे परत पाठवावे. बदनाम अवस्थेत मिळाल्यास अर्जदाराची हरकत नाही.