कॅरॅव्हॅनमध्ये कोण राहतं?

तीस वर्षं बातमीदारी केलेला माणूस मी, नोटिशीला घाबरतोय होय! हेन्डरसन उपनगरातल्या माझ्या घरी कौन्सिलचा माणूस नोटीस घेऊन आला.

"किया ओरा, नमस्कार. तक्रार आहे, तुमच्या कॅरॅव्हॅनमध्ये कुणीतरी राहतं. रोज संध्याकाळी दिवा दिसतो."

"माझं अंगण, माझी कॅरॅव्हॅन! नियम दाखवा आधी!"

"उभी करा की. राहायला मात्र परवानगी लागते. आत बघू?"

मी त्या चाकांवरच्या खोलीचं दार उघडलं. घडी न मोडलेली चादर, कोरी कढई. नाशिकहून आई म्हणाली होती, "येईन, पण माझी चूल वेगळी हवी." म्हणून ही कॅरॅव्हॅन घेतली. चार वर्षं ती "पुढच्या वर्षी" म्हणतेय. दिवा मीच लावतो.

"म्हणजे इथे कुणीच राहत नाही?"

"नाही ना! माझीही तक्रार तीच आहे. लिहून घ्या."