डावीकडे थोडं जास्त

—नाही हो दादा, मोठा-छोटा, स्वस्त-महाग, कसाही चालेल, एवढंच सांगा, ह्यातल्या कुठल्या हेडफोन-ॲम्पला डाव्या-उजव्या कानाचा आवाज कमीजास्त करायचं बटण आहे? ह्या काळ्याला? फिरवून दाखवा बरं. कट्ट असा आवाज नाही ना होत? मग थोडंसं डावीकडे सरकवून ठेवा — थोडंसंच — आणि हे आले की त्याबद्दल बोलायचं नाही हं. कोण म्हणजे? आमचे हे! गाडी लावायला जागा शोधतायत, येतीलच एवढ्यात.

फसवणूक? अहो, नवऱ्याला फसवायला का कुणी दुकानात येतं — ऐका तर. हे सिनेमांचा आवाज जुळवतात, पाऊल कुठून वाजलं, दार कुठल्या बाजूला आपटलं, सगळं ह्यांच्या कानांवर. हेडफोन जिवापाड जपलेला. दोन्ही कानांच्या तारा वेगळ्या, म्हणून साधा ॲम्प चालत नाही — तुम्हाला मी काय सांगायचं! तर म्हणे डावी बाजू मंद येते, ॲम्प बिघडला. नवा आणला, तोही डावीकडे लंगडा. तो परत केला, आणखी एक आणला, पुन्हा तेच रडगाणं. मग एकदा हे चहा ओतत होते, तेव्हा मी मागून हळूच हेडफोन ह्यांच्या डोक्यावर चढवला — लाडात आल्यासारखा, 'ऐका की हे गाणं' म्हणत — पण मुद्दाम उलटा. डावी बाजू उजव्या कानावर. आणि हे म्हणाले, अजून डावीकडेच मंद येतंय गं. ॲम्पचा दोष असता, तर आता उजवीकडे मंद आलं असतं. कळलं ना? ॲम्प नाही हो. कान. त्यानंतरही ह्यांचं नवे नवे ॲम्प आणणं चालूच आहे.

डॉक्टर — हो, डॉक्टर, मलाही कळतं ते! पण आमचे मोठे दीर ह्याच धंद्यातले. आधी डावा कान गेला, मग उजवा. आता खुर्चीत बसून असतात, हे समोर बसून बोलतायत आणि ते भिंतीकडे बघतायत. तिथून परत आलो की ह्यांना घास जात नाही. त्या खुर्चीची भीती वाटते मला, दादा, खरंच वाटते. म्हणून जेवताना मी आता ह्यांच्या उजव्या हाताला बसते. का गं, म्हणाले, तर म्हटलं तिकडून ऊन येतं. झोपायची बाजूही बदलली, म्हटलं पंखा लागतो. किती थापा मारू?

काम बिघडेल म्हणता? बिघडलेलंच आहे! डावं कमी ऐकू येतं म्हणून हे डावीकडचा आवाज चढवून ठेवतात, अख्खा सिनेमा एका बाजूला ओरडतो. स्टुडिओच्या मालकांचा फोन आला होता, मीच घेतला, ह्यांना ताप आहे असं सांगून टाकलं मी — हे बघा, हे सांगायचं नव्हतं मला. तुम्ही विसरून जा. बटण सरकवलं की ह्यांना दोन्हीकडे सारखं येईल, काम सरळ होईल, ॲम्प चांगला मिळाला म्हणून खूश होतील. कान आणखी गेला तर? तर आणखी सरकवीन, हे अंघोळीला गेले की. आणि बटण शेवटाला टेकलं की? तेव्हा — तेव्हा — काय विचारता हो तुम्ही!

थांबा. आले.

अहो, इकडे! अहो — इकडे, उजवी— इकडे या. मिळाली जागा? बघा, दादांनी हा काळा काढलाय, मस्त आहे म्हणतात. घाला ना हेडफोन, ऐकून तर बघा. अहो, उलटा धरलाय तो. डावी बाजू उजव्या — मुद्दाम? मुद्दाम म्हणजे? मी त्या दिवशी उलटा चढवला, ते तेव्हाच कळलं होतं? पहिल्याच सुराला? मग तरी ॲम्पवर ॲम्प कशाला आणत होतात, दुकानं कशाला पालथी घालत होतात — मी घाबरू नये म्हणून?

मी घाबरलेलीच आहे हो.

नका, माझ्याकडे बघू नका असं. चला. दादा, ते बटण पुन्हा मध्ये आणून ठेवा. आम्ही निघतो.