रजेवरची दुरुस्ती

ती : (ओट्याखालच्या कपाटाशी उकिडव्या बसलेल्या नवऱ्याच्या मागे येऊन) पकडला!

तो : काय पकडला? बिजागरी सैल झालीय, घट्ट करतोय.

ती : स्क्रूड्रायव्हर उलटा फिरतोय, फौजी. ढिली करतोयस.

तो : ...हो का?

ती : हो का म्हणे! सीमेवरून आल्यापासून नळ झाला, पंखा झाला, मिक्सर झाला. मला वाटलं, घरानंच तुझ्या रजेवर डाव साधलाय. आणि हा पठ्ठ्या स्वतःच खिळखिळं करून स्वतःच दुरुस्त करतोय!

तो : हळू. आई ऐकेल.

ती : ऐकू दे. शेजारीण तर विचारतेय, नवरा चार दिवस भाड्यानं देता का म्हणून!

तो : हात रिकामे दिसले की तू विचारतेस.

ती : काय विचारते?

तो : ‘कसं होतं तिथं?’ मला सांगायला सुचत नाही गं. हातात पाना असला की तू म्हणतेस, असू दे, कामात आहे.

ती : आणि मला वाटत होतं, मीच नकोशी झालेय.

तो : तू? काहीतरीच!

ती : मग माझाही गुन्हा ऐक. आपल्या खोलीच्या दाराची कडी...

तो : ती सारखी निखळणारी? पिच्छा पुरवलाय तिनं माझा.

ती : मीच काढते ती. भाजीच्या सुरीनं.

तो : तू?

ती : तेवढ्यापुरता तरी खोलीत येतोस. नाहीतर तुझं अंथरूण बाहेर.

तो : अगं बाई! आणि मी मजबूत स्क्रू शोधत बाजारभर हिंडलो!

ती : हस, हस. किती दिवसांनी आवाज काढून हसलास.

आई, आतून : काय खिदळताय रे? मोडलं का आणखी काही?

तो : नाही आई, आज काही नाही मोडलं!

ती : ठेव ते खाली. बस इथं, फरशीवरच.

तो : सगळं नाही सांगता येणार.

ती : सगळं कोण मागतंय? तिथं हसायचास ना कधी? तिथून सुरू कर.

तो : हसायचो की. आमचा आचारी होता ना, तो जेवण तयार झालं की तोंडानं कुकरच्या शिट्ट्या मारायचा. घरच्यासारखं वाटावं म्हणून. एकदा गंमत म्हणून आधीच मारल्या, तर खुद्द साहेबच ताट घेऊन धावले, आणि डाळ अजून कच्ची!

ती : थापा!

तो : शपथ. ...तो परत नाही आला आमच्याबरोबर.

ती : (सरकून त्याला खेटून बसते.)

तो : काही बोलू नकोस. नुसती बस.

ती : बसलेय. कसा होता रे तो दिसायला?

तो : गोल गरगरीत. आणि एकदा हसायला लागला ना, की तुझ्यासारखाच, थांबायचाच नाही.