लढाईहून आलेलं स्थळ

नाही मामा, ते पुस्तक आधी पिशवीत घाला, मग चहा घ्या. भाचीसाठी स्थळ बघायला यायचं आणि वाचून काय यायचं — तर कादंबरी! त्यातली उनाड पोरं लढाईवर गेली नि शहाणी होऊन परतली, म्हणून माझा भाऊ अच्युतही पोक्त असणार — हो ना? मरण पाहिलं की माणूस पिकतो. आढीतला आंबाच जसा!

आमचं उलटं आहे हो. ब्रह्मदेशात गेला तेव्हाच तो पोक्त होता — रोज संध्या करणारा, झुरळाला भिणारा, विनोद सांगितला तर अर्थ विचारणारा. परत आला तो हसतच. पुढे छप्पन साली नागपूरची राजधानी उचलून भोपाळला आणली, आमच्या कचेरीतले निम्मे लोक घराच्या आठवणीनं रडत होते — आणि हा टांगेवाल्याशी तिथल्यासारखंच ‘को खां, को खां’ — काय राव, काय राव — करत खिदळतोय! चांगलंच की, म्हणाल. मीही तेच म्हणायचे. मग आईच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, सगळे हात जोडून उभे — आणि ह्याला हसू फुटलं. थांबेचना. भटजी चिडून नदीवरून निघाले — नाही, तसा स्वभावानं फार चांगला आहे हं! सुपारीचंसुद्धा व्यसन नाही.

तुमच्या पुस्तकात मित्र मेला की पुढची चार पानं नुसता चंद्र. ह्याचा मित्र ह्याच्याच ताटलीत जेवत होता — गोळी लागली, तिथेच आडवा झाला. ह्यानं काय केलं? ताटली संपवली. दोघांच्या वाटचं खाल्लं. भूक लागली होती, म्हणे. हे त्यानं मला हसत हसत सांगितलं, आणि मी — मी तरी काय करणार — मीही हसले. तेव्हापासून हसतेच आहे. त्याच्याबरोबर कुणीतरी हसावं लागतं, मामा. एकट्याला हसू दिलं ना, की तो — जाऊ द्या. मला वाटलं होतं, तुमची भाची वंदना ह्या घरात आली की मी सुटेन. बघा, बोलून गेले! थकले हो मी, दुसरं काही नाही.

बशी ठेवा खाली. अंगणात तोच आलाय — ऐकू येतंय ना? झालं काही नसेल, उगीच हसतोय. तुम्ही हसू नका. मागच्या दारानं निघा, आणि घरी सांगा — पत्रिका जुळली नाही.