समोरचं वावर

डाळजच्या थांब्यावर एसटीचा पत्ता नव्हता. रश्मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती, पण कान शेजारच्या बाकावरच्या दोन पन्नाशीतल्या गड्यांकडं होते.

"झुंबरराव, इस्त्रीचा शर्ट, नवी टोपी! कुठं दौरा?"

"वावरात."

"वावर तर ते समोर दिसतंय की!"

"नुसतं दिसतंय, बाजीराव. रस्ता रुंद केला आन् मधी जाळी ठोकली. आता भिगवणला जायचं, पुलाखालनं वळायचं, दुसऱ्या एसटीनं पलीकडं उतरायचं."

"रोज?"

"रोज आमची मालकीण, रंगूबाई जाती. बायांना हाफ तिकीट हाय. म्या म्हणलं, दोघांनी कशाला तिकिटं फाडायची?"

"डोकं चालवलंत की!"

"व्हय, लई चालवलं. वरीसभर तिनंच पाणी दिलं, तिनंच कांदा काढला. मग म्हणली, कसती मी, तर सातबारा बी माझ्या नावावर करा."

"आन् केलात?"

"मोटरच्या खोलीची किल्ली तिच्या कमरंला. न करून सांगतो कुणाला?"

"मग आज कसं निघालाय?"

"तिनंच बोलावलंय. म्हणली, एकदा येऊन बघून तरी जावा."

"आन् पिशवीत काय?"

"पेढं. तिच्या वावरात पहिल्यांदाच चाललोय. मोकळ्या हातानं कसं जायचं?"