खोकला कधीपासून?

एक्स-रेच्या खोलीबाहेर भाजलेल्या हाताच्या मलमपट्टीची वाट बघत बसलेल्या बेकरीवालीला शेजारच्या नवराबायकोची कुजबुज ऐकू येत होती. नवरा दगड कापण्याच्या कारखान्यात कामाला होता.

“डॉक्टरांना धुळीचं सांगा.”

“वेडी का काय? काम सोड म्हणतील. सिगरेटी ओढतो म्हणून सांगतो.”

“जन्मात कधी हात लावलात सिगरेटीला?”

“हळू बोल.”

“भावजींनीही मरेपर्यंत असंच लपवलं होतं.”

“त्याचं नाव काढू नकोस इथे.”

“काढणार. तुम्ही रात्री बसूनच झोपता आणि मी तुमची धाप ऐकत पडून असते.”

तेवढ्यात दार उघडलं. नर्सने विचारलं, “खोकला कधीपासून?”

“आठवडा झाला असेल.”

“चार वर्षं!” बायको उठून उभी राहिली.



“पाच,” नवरा खाली बघत म्हणाला. “पहिलं वर्ष हिला कळू दिलं नव्हतं.”