वर्गासाठी फोटो

परळच्या पोस्टात, परदेशी पत्रांच्या रांगेत, माझ्यापुढे दोघे गिरणीवाले उभे होते.

"धोंडूदादा, विठू काय लिहितो जर्मनीतून?"

"यंत्राचं काम शिकायला गेला, तर म्हणाले आधी आमची भाषा शीक. रोज संध्याकाळी शाळेत बसतो."

"जमतंय का?"

"वर्गात घरच्यांबद्दल बोलायला लावतात. दाखवायला आईबापांचा नवा फोटो मागितलाय त्याने."

"मग?"

"अग्नी मीच दिला, मिशी काढली. हे तोंड बघितलं की लगेच समजेल त्याला."

"मिशी येईल हो परत. पण वहिनींचा नवा फोटो कुठून आणणार? तेरावंही झालं, आता तरी कळवा."

"मार्चात परीक्षा आहे. तोवर कळवायचं नाही, अशी शपथ घातलीय हिने जाताना."

"मग आज काय लिहिलंत?"

"संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे चाललेत, फोटोवाल्याचं दुकान बंद आहे."

"आणि वहिनींचं?"

"ते मी काय लिहू, गुणाजी? तोच पत्रात लिहितो. पहिल्या धड्यापासून रोज वर्गात उभा राहून म्हणतो, माझी आई मुंबईत राहते, ती बरी आहे. मास्तर म्हणतात, अगदी बरोबर."